माधवनगरची ज्यूरी

आपल्या देशातली ज्यूरी बंद होऊन जमाना झाला. ज्यूरी म्हणजे कोर्टात बसवलेली साधीसुधी माणसं; दोन्ही बाजू ऐकून आरोपीला धरायचं की सोडायचं हे त्यांनी सांगायचं. आता ते काम एकटे जज्जसाहेब करतात. पण माधवनगरला, बंद पडलेल्या गिरणीमागच्या एका बैठ्या घराच्या कट्ट्यावर, अगदी परवापरवापर्यंत रविवारी सकाळी ज्यूरी बसत असे. तिच्यापुढे मी जितक्या केसेस हरले तितक्या खऱ्या कोर्टात हरले असते, तर आज कुठल्यातरी मंगल कार्यालयाचं बुकिंग सांभाळत बसले असते.

ही ज्यूरी भरवणारे गृहस्थ साताऱ्याला सरकारी वकील होते आणि मी त्यांच्या हाताखाली. आम्ही सगळे त्यांना नुसतं ‘साहेब’ म्हणायचो. बुटकेसे होते. बारीक होण्याआधी शिवलेला काळा कोट अंगात घालत, त्यामुळे लांबून पाहणाऱ्याला आधी कोट येताना दिसे आणि मग साहेब. बोलायचे इतकं हळू, की जज्जना पुढे वाकून ऐकावं लागे. मला आधी वाटायचं, आवाजच तेवढा असेल. पुढे एकदा गाडीच्या टायरमध्ये हवा कमी भरणाऱ्या माणसाशी ते बोलताना ऐकले आणि कळलं, आवाज भरपूर आहे, कोर्टात वापरत नाहीत.

साहेब जैन. सूर्य मावळायच्या आत जेवण उरकायचं, हा नेम त्यांनी कोर्टाच्या धबडग्यातही सोडला नव्हता. ही गोष्ट साताऱ्याच्या सगळ्या बचावाच्या वकिलांना ठाऊक होती आणि त्यावर त्यांनी एक हिवाळी धोरण बसवलं होतं. दिवस लहान असले की दुपारी चारनंतर उलटतपास असा काही रबरासारखा ताणायचा, की साहेबांच्या पोटात कावळे ओरडावेत आणि त्यांनी हरकती घेणं सोडून द्यावं. साहेब खिडकीतल्या उन्हाकडे बघत बसायचे. साहेबांची भाषणं आखूड का असतात, यावर बार रूममध्ये मोठमोठ्या चर्चा चालत. कुणी म्हणे अभ्यास, कुणी म्हणे तपश्चर्या. माझं प्रामाणिक मत विचाराल तर, भूक.

आठवडाभर ते साताऱ्यात भाड्याच्या खोलीत राहायचे आणि शनिवारी आपल्या जुन्या गाडीतून माधवनगरला घरी जायचे. माझं माहेर सांगलीचं, त्यामुळे मीही त्याच गाडीत. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात त्यांनी मला सांगितलं, “उद्या सकाळी घरी या, वकीलबाई. तुमची केस ज्यूरीपुढं ठेवू.” मला वाटलं, चेष्टा करतायत. घरी जाऊन आईला सांगितलं तर ती म्हणाली, थोर माणसं नव्या सुनांची आणि नव्या वकिलांची अशीच परीक्षा घेतात, नीट साडी नेसून जा.

गेले, तर कट्ट्यावर चटई पसरलेली आणि त्यावर तीन माणसं. एक साहेबांच्या पत्नी, काकू. दुसरे शेजारचे सुभेदार, फौजेतून निवृत्त, मूळचे आमच्या सातारा जिल्ह्यातलेच पण मुलाकडे येऊन राहिलेले. तिसरे अण्णा, सुताचे व्यापारी. बारा जण कुठून आणायचे, साहेब म्हणाले, तिघांत भागतं. आणि साताऱ्याच्या केससाठी सांगलीची ज्यूरी का, तर इथं कुणाची ओळखपाळख नाही. शिवाय नावं, गावं सगळी बदलून सांगायची, हा पहिला नियम.

या नियमाने सुरुवातीला भलताच घोळ घातलेला होता. साहेबांनी सोयीसाठी प्रत्येक आरोपीचं नाव ‘शंकर’ ठेवलं होतं. दर रविवारी शंकर काहीतरी करायचा. एकदा घर फोडलं, एकदा भावजयीला मारलं, एकदा सोसायटीचं गोदाम पेटवलं. शेवटी एके दिवशी साहेबांनी तोंड उघडायच्या आधीच सुभेदारांनी हात वर केला. “ह्यो शंकर लय माजलाय साहेब. काय ऐकायची गरज न्हाई. घाला आत.” साहेबांना ही गोष्ट इतकी आवडली होती, की नव्या वकिलांना ते ती पहिल्याच दिवशी सांगत. माणसाच्या मागल्या भानगडी आधी कानावर पडल्या की आजच्या पुराव्याला कुणी विचारत नाही, हे म्हणे त्यांना सुभेदारांनी शिकवलं. तेव्हापासून आरोपीला दर वेळी नवं नाव मिळू लागलं.

ज्यूरी फार शहाणी होती असा मात्र कुणी गैरसमज करून घेऊ नये. सुभेदारांचा कल फिर्यादीसकट सगळ्यांना आत घालण्याकडे असे. काकू भाजी निवडता निवडता ऐकायच्या, आणि आरोपीला आई आहे असं कळलं की त्याला सोडून द्यायच्या. अण्णा दर पाच मिनिटांनी “तेव्हा किती वाजले होते?” एवढंच विचारत आणि उत्तर यायच्या आत डुलकी घेत. अशा तिघांपुढे मी उभी राहिले, पुण्याहून पहिल्या वर्गात पास होऊन आलेली, अंगावर कडक इस्त्रीचा कोट. मोटारसायकल चोरीची साधी केस. मी लॅटिन वचनापासून सुरुवात केली. मग वरच्या कोर्टांचे निवाडे सांगितले. हातवारे केले. एका ठिकाणी थोडी थांबले, टाळ्या येतील म्हणून. संपवलं तेव्हा अण्णा घोरत होते.

सुभेदार म्हणाले, “बाई, लय झ्याक बोललासा. पर गाडी कुनाची व्हती?”

तासभर बोलून गाडीच्या मालकाचं नाव सांगायचं मी विसरले होते. ज्यूरीने आरोपीला तर सोडलंच, वर फिर्यादीचा काहीतरी डाव असणार असाही निकाल दिला. साहेब मला काही बोलले नाहीत. काकूंनी थालीपीठ वाढलं, आणि ते जरा जास्त लोणी घालून वाढलं, त्यावरूनच काय ते समजून घेतलं.

साहेबांचा सगळा भर एका प्रश्नावर असे. दोषी की निर्दोष, हे ते नंतर विचारत. आधी विचारायचे, “कुठं अडलं?” मग आरोपीला धरावं असं ज्याला वाटे त्याने हात वर करायचा. त्या वेळी ते कुणाच्या तोंडाकडे बघत नसत, हातांकडे बघत. गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध करायचा म्हणजे नेमकं कुठवर, हे मी कॉलेजात तीन पानांत लिहिलं होतं आणि त्यात चांगले मार्क मिळवले होते. साहेबांची व्याख्या एवढीच, की हात वर जाताना जड झाला का बघायचं. मधेच कोपरात थांबला, तर तिथं संशय आहे. मग परत फिरायचं आणि तो कशाचा आहे ते शोधायचं. एकाचा हात जरी अडला तरी साहेब केस कच्ची समजत, मग तो अडलेला हात अर्धवट झोपेतल्या अण्णांचा का असेना.

हेच माप ते रस्त्यावरही लावत. साखर कारखाने सुरू झाले की सांगली-सातारा रस्त्याला उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते. साहेब एका ट्रॉलीच्या मागे लागले की लागले. पुढचा रस्ता पूर्ण, निःसंशय, मोकळा दिसल्याशिवाय ओव्हरटेक करायचा नाही. असा रस्ता आमच्याकडे हंगामात दिसतच नाही. मागून ट्रकवाले हॉर्न वाजवून दमत, मी मनातल्या मनात रडत असे, आणि साहेब शांतपणे उसाकडे बघत गाडी हाकत. कऱ्हाडपर्यंत एकच ट्रॉली, हा माझा कित्येक शनिवारांचा अनुभव आहे.

मी पुढे त्यांचं अनुकरण करायला गेले आणि तोंडावर पडले. लग्न झाल्यावर नवऱ्यावर एक केस ठेवली: ओला टॉवेल पलंगावर टाकणे. ज्यूरी म्हणून सासूबाई आणि जाऊबाई. आरोपीला आई आहे हे मी लक्षात घ्यायला हवं होतं. सासूबाईंनी विचारलं, टाकताना तू बघितलंस का? मी म्हटलं, न बघता काय झालं, घरात दुसरं अंघोळ केलेलं कोण होतं? जाऊबाई म्हणाल्या, तू. मी आजवर लढवलेल्या खटल्यांत एवढ्या झटपट सुटलेला आरोपी हा एकच, आणि तो अजून टॉवेल पलंगावरच टाकतो.

साहेब आता निवृत्त होऊन माधवनगरलाच असतात. नवी न्याय संहिता आली तेव्हा मुद्दाम फोन करून कुरकुरले. तीनशे दोन म्हटलं की माणसाच्या पोटात गोळा यायचा हो, आता खुनाला एकशे तीन म्हणतात, ते रिक्षाच्या भाड्यासारखं वाटतं. मी म्हटलं, साहेब, कलम बदललं तरी शिक्षा तीच आहे. ते म्हणाले, शिक्षा तीच असेल, भीती ती नाही.

तीनशे दोनचं नाव निघालं की मला कोरेगाव तालुक्यातली ती केस आठवते. शालनची.

दोन चुलत घरं, मधे बांध. बांध कोरला म्हणून एका संध्याकाळी बोलाचाली झाली आणि शालनच्या नवऱ्याच्या डोक्यात फावडं बसलं. तो जागीच गेला. शालन चारा घेऊन शेतात आली होती, तिच्या डोळ्यांसमोर हे झालं. तिच्या फिर्यादीत समोरच्या घरातले तिघे पुरुष होते: थोरला मुलगा, ज्याच्या हातात फावडं होतं, धाकटा, जो फौजेत होता आणि रजेवर आला होता, आणि त्या दोघांचा म्हातारा बाप. धाकट्याने आणि म्हाताऱ्याने धरलं आणि थोरल्याने घाव घातला, असं फिर्याद सांगत होती.

इथं आमच्या भागातली एक रीत सांगायला हवी. खुनाची फिर्याद द्यायला माणूस एकटा जात नाही, भावकी घेऊन जातो. आणि भावकी समोरच्या घरातल्या एकालाच कधी धरत नाही, घरच्या कर्त्या पुरुषांची शिरगणती करते. त्यामागे हिशोब असतो. एकटा आत गेला तर बाकीचे बाहेर राहून वकील करतात, शेत कसतात, साक्षीदार फोडतात. सगळेच आत गेले की घर बसतं. शालनच्या दिराने हाच हिशोब केला होता.

मी तर खूश होते. तीन आरोपी, समान उद्देश, म्हणजे घाव एकाने घातला तरी गुन्हा तिघांचा, तिघांना जन्मठेप. मी त्यावर भलंमोठं भाषण तयार केलं आणि रविवारी कट्ट्यावर म्हणून दाखवलं. आता मी गाडीच्या मालकाचं नाव विसरणारी राहिले नव्हते. अण्णासुद्धा जागे होते.

“कुठं अडलं?” साहेबांनी विचारलं.

सुभेदारांचं फौजीपाशी अडलं होतं. धाकट्याचं म्हणणं, तो त्या दिवशी शिरवळला सासुरवाडीला होता. मी हसून म्हटलं होतं की सासुरवाडीचे साक्षीदार काय, जावयासाठी काहीही बोलतील. सुभेदार म्हणाले, “आवं, रजंवर आलेला जवान सासुरवाडीला गेल्याव त्याच दिशी माघारी येतोय व्हय? त्याला सोडत्यात कवा?” अण्णा म्हणाले, डॉक्टर म्हणतो घाव एकच, मग एका घावाला मारेकरी तीन कसे? आणि काकूंनी हातातली गवारीची शेंग खाली ठेवली.

“तो तांब्या कुणाचा?” त्या म्हणाल्या.

जागेच्या पंचनाम्यात लिहिलं होतं: प्रेत, फावडं, एक चप्पल, एक पितळी तांब्या. मी तो परिच्छेद भरभर वाचून टाकला होता. मी म्हटलं, काकू, शेतात तांब्या असतोच. त्या म्हणाल्या, असतो, पण झाडाखाली असतो, नाहीतर विहिरीपाशी. प्रेताच्या डोक्याशी कसा येईल? मारायला आलेलं कुणी तांब्या घेऊन येतं का? मी समान उद्देशावरचा निवाडा पुन्हा एकदा सांगितला.

तिघांना धरायला हात वर करा म्हटल्यावर एकही हात वर गेला नाही. मग साहेबांनी विचारलं, नुसत्या थोरल्याला? तिन्ही हात चटकन वर गेले, काकूंचासुद्धा, आणि थोरल्याला आई होती.

परतीच्या वाटेवर, अर्थात उसाच्या ट्रॉलीमागे, मी भांडले. म्हटलं, साहेब, बाई तिघांची नावं घेतेय, आपण कमी कसं मागायचं? ती काय म्हणेल? साहेबांनी गिअर बदलला. मग म्हणाले, “घासात खडा लागला तर माणूस खडा तेवढा काढून घास गिळतो काय हो? सगळा घास थुंकतो. तुम्ही दोन खडे घालून वाढताय, आणि वर म्हणताय पोटभर जेवा.”

मी फुगून बसले. पण रात्रभर तो तांब्या काही डोक्यातून गेला नाही.

साक्षीच्या आदल्या दिवशी शालन कोर्टात आली. तिशीची बाई, हडकलेली, हातात पिशवी. सोबत दीर. सगळं बोलणं तोच करत होता. आमची बाई पक्की हाय, काळजी करू नगा. साहेबांनी त्याला लांबच्या बाकावर बसवलं आणि तिला एवढंच विचारलं, तांब्या कुणाचा. तिने दिराच्या बाकाकडे बघितलं आणि मान खाली घातली. मला वाटलं आता साहेब खोदून विचारतील. साहेब म्हणाले, “मला नका सांगू. उद्या सगळ्यांच्या देखत विचारीन, तेव्हा जे असेल ते सांगा. आणि जेवून या.”

ती गेल्यावर मी म्हटलं, साहेब, हे बरोबर नाही. उत्तर ठाऊक नसलेला प्रश्न आपल्याच साक्षीदाराला विचारायचा नसतो, हे पहिल्या वर्षाच्या पोरांनाही माहीत असतं. साहेब म्हणाले, बरोबर आहे, मलाही भीती वाटतेय. मग त्यांनी कोट काढून खुर्चीला अडकवला आणि जेवायला गेले, कारण ऊन उतरत आलं होतं.

भीती वाटण्यासारखंच होतं. शालनला दोन लहान लेकरं. तिचं शेत दीर कसत होता. त्याच्याविरुद्ध तोंड उघडलं तर तिला गावात पाठीशी कुणी उरणार नव्हतं. आणि घोकल्याप्रमाणे तिघांची नावं घेतली, तर एका घावाला तीन मारेकरी आणि शिरवळची सासुरवाडी हे धरून बचावाचा वकील तिची साक्ष चिंध्या करून टाकणार. मग ज्याने नवरा मारला तोही सुटून बांधापलीकडे राहायला येणार. मला तर त्या बाईच्या जागी उभं राहायची कल्पनाही सोसवेना.

दुसऱ्या दिवशी ती पिंजऱ्यात उभी राहिली. समोर आरोपींच्या बाकावर तिघे: थोरला भिंतीकडे बघत, धाकटा ताठ, आणि मधे म्हातारा, हातात टोपी घेऊन. साहेबांनी हळू आवाजात नेहमीचे प्रश्न विचारले. नाव, गाव, शेत कुठं, किती वाजता गेला होतात. जज्ज पुढे वाकले. मग साहेब म्हणाले, “तुमच्या मालकांच्या डोक्याशी एक तांब्या सापडला. तो कुणाचा?”

बचावाचे वकील हरकत घ्यायला अर्धे उठले आणि तसेच थांबले. बहुधा त्यांनाही उत्तर हवं होतं. मी हातातलं पेन घट्ट धरून बसले होते.

शालनने मागच्या बाकावरच्या दिराकडे बघितलं. जज्जनी सांगितलं, बाई, घाबरू नका. मग ती म्हणाली, “चुलत सासऱ्यांचा.”

“तिथं कसा आला?”

“पानी पाजलं त्यांनी. ह्यांचं डोस्कं मांडीव घेतलं आन तोंडात पानी घातलं. पर पानी भाईर येत व्हतं.”

मागच्या बाकावरून दीर उठला. शिपायाने त्याला बसायला खुणावलं. तो बसला नाही, बाहेर निघून गेला. शालनने त्याला जाताना बघितलं.

“मग फिर्यादीत त्यांचं नाव का घातलंत?” साहेबांनीच विचारलं. समोरच्याने विचारायच्या आत आपण विचारायचं, ही त्यांची रीत मला तेव्हा कळली.

“दीर म्हनले, घाल. मी घातलं. साहेब, माझं मानूस गेलं व्हतं. त्या घरातलं कोनच जित्तं ऱ्हाऊ नये आसं वाटत व्हतं मला.”

“आणि धाकटा?”

“त्यो तवा न्हवताच.”

“फावडं कुणी मारलं?”

तिने थोरल्याकडे बोट केलं. बोट अजिबात हललं नाही.

उलटतपास दुपारी सुरू झाला. दिवस थंडीचे, त्यामुळे बचावाच्या वकिलांनी नेहमीचं धोरण काढलं. फिरवून फिरवून विचारलं. शालन, तू पोलिसांना एक सांगितलंस, कोर्टाला दुसरं सांगतेस. तेव्हा खोटं बोललीस की आता बोलतेस? “तवा,” ती म्हणाली. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. खिडकीतलं ऊन भिंतीवर चढलं, मग नाहीसं झालं. साहेबांनी त्या दिवशी एकदाही खिडकीकडे बघितलं नाही. त्या दिवशी त्यांना जेवण मिळालं नाही, आणि त्यांनी त्याचं नावही काढलं नाही.

माझ्या भाषणाचं काय झालं ते विचारू नका. तिघांच्या समान उद्देशावर मी इतकी मेहनत घेतली होती आणि आता उद्देशवाला एकच उरला होता. साहेबांनी युक्तिवादात जज्जना सांगितलं, की दोघांविरुद्ध माझ्याकडे पुरावा नाही, त्यांना शिक्षा मी मागत नाही. तिसऱ्याविरुद्ध जेवढा आहे तेवढा पूर्ण आहे. भावकीतल्या कुणीतरी व्हरांड्यात ऐकू जाईल असं म्हटलं, की वकील विकला गेला. साहेबांच्या कानावर ते गेलं. कानशिलं लाल झाली, पण चष्मा पुसत राहिले.

निकाल लागला. थोरल्याला शिक्षा झाली. भांडण अचानक झालं आणि घाव एकच, म्हणून खुनाऐवजी सदोष मनुष्यवधाची, तरी पुष्कळ वर्षांची. म्हातारा आणि धाकटा सुटले. निकालपत्रात जज्जनी लिहिलं होतं, की जी बाई आरोपीच्या बापाने पाणी पाजल्याचं सांगते, तिने आरोपीने घाव घातल्याचं सांगितलं तर त्यावर विश्वास ठेवावाच लागतो. साहेबांनी ती ओळ माझ्याकडून दोनदा वाचून घेतली.

कोर्टाच्या पायऱ्यांवर शालन एकटीच उभी होती. दीर आला नव्हता. भावकी आपल्या जीपमधून निघून गेली होती. साहेबांनी मला म्हटलं, चला, बाईंना स्टँडवर सोडू. गाडीत ती एकदाच बोलली, “शेत आता कोन करनार, त्ये बघाय पायजे.” साहेबांनी मान हलवली.

तिच्या गावाची एसटी लागलेली होती, भरत आली होती. तिला खिडकीपाशी जागा मिळाली. आम्ही खाली उभे होतो. तेवढ्यात स्टँडच्या फाटकातून म्हातारा येताना दिसला. धाकटा भावाच्या मागे जेलकडे गेला असावा. म्हातारा एकटाच होता, हातात कापडी पिशवी. एका मुलाला सकाळी शिक्षा झाली होती, एक सुटला होता, आणि घरी जायला त्यालाही हीच गाडी होती.

तो चढला. आत एकच जागा रिकामी होती, शालनच्या शेजारची, तिची पिशवी ठेवलेली. त्याने ती बघितली आणि तोंड फिरवून दांडीला धरून उभा राहिला. कंडक्टर म्हणाला, आबा, बसा की, जागा हाय तिथं. म्हातारा हलला नाही. गाडीतल्या चार लोकांना तरी हे कोण आहेत ते माहीत असणार, कारण अख्खी गाडी वळून बघू लागली. मी साहेबांची बाही कधी धरली ते मला कळलं नाही.

शालनने डोक्यावरचा पदर पुढे ओढला, पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि खिडकीकडे सरकली.

“मामंजी, बसा,” ती म्हणाली.

म्हातारा कडेला टेकला, दोघांच्या मधे हातभर जागा ठेवून. ती बाहेर बघत होती, तो आपल्या पायांकडे. साहेब कुणाला तरी शोधतायत असं दाखवत दुसरीकडे बघत होते. कंडक्टरने घंटी दिली, गाडी मागे आली, वळली आणि कोरेगावच्या रस्त्याला लागली. त्या दोघांना एकाच थांब्यावर उतरायचं होतं.